दूध भुकटीच्या कारखान्यात नोझलची निवड

दुधाचा पुष्टकाळ आणि कृशकाळ यांतील तफावत हा दुग्धव्यवसायापुढील जुनाच प्रश्न आहे. पावसाळा ओसरू लागला की म्हशी मोठ्या संख्येने वितात, हिवाळ्यात संकलन केंद्रांवर दुधाचे कॅन भरभरून येऊ लागतात, आणि चैत्र-वैशाखात तीच केंद्रे अर्धी रिकामी दिसतात. पुष्टकाळातील जादा दूध टिकविण्याचे खात्रीचे साधन म्हणजे त्यातील स्निग्धांश काढून त्याचे लोणी करणे व उरलेल्या दुधाची भुकटी करणे. सन २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले व मिठाईची दुकाने बंद पडून दुधाचा उठाव थांबला, तेव्हा महाराष्ट्र शासनाने दररोज १० लाख लिटर अतिरिक्त दूध लिटरला २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय घेतला, तोही याच विचाराने.

भुकटी उत्तम निपजली तर तिला गिऱ्हाईक मिळते आणि संघाला उत्पादकांस योग्य भाव देता येतो. ती ओलसर, करपट किंवा पाण्यात नीट न विरघळणारी झाली, तर त्याच दुधाचे मोल उतरते, आणि ती तूट अखेरीस गावच्या संस्थेतील दुधाच्या दरावरच येऊन पडते. भुकटीचा दर्जा व तिचा उत्पादनखर्च ज्या गोष्टींवर अवलंबून असतो, त्यांपैकी एक अगदी लहान, मुठीत मावणारी वस्तू म्हणजे शुष्कन यंत्रातील नोझल होय. यंत्रसामग्रीच्या एकंदर किमतीत तिचा वाटा नगण्य असल्यामुळे संचालक मंडळाच्या बैठकीत तिच्याविषयी सहसा चर्चा होत नाही. वस्तुतः ती व्हावयास हवी.

थेंबाचे गणित

दूध बारीक तुषारांच्या रूपाने गरम हवेत सोडून वाळविण्याच्या पद्धतीस कारखान्यात स्प्रे ड्रायिंग म्हणतात. मराठीत तिला तुषार-शुष्कन म्हणता येईल. या कल्पनेचे पहिले पेटंट अमेरिकेत सॅम्युएल पर्सी यांनी १८७२ साली घेतले. दुधासाठी तिचा व्यापारी उपयोग मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. त्यापूर्वी व त्यानंतरही बराच काळ वाफेने तापविलेल्या फिरत्या रुळांवर दुधाचा पातळ थर देऊन, वाळलेला पापुद्रा खरवडून भुकटी करीत असत. रुळावरील भुकटीला धातूची आच प्रत्यक्ष लागत असल्यामुळे ती पाण्यात कमी विरघळते. तुषार-शुष्कनात तसे होत नाही.

या पद्धतीचे तत्त्व दांडीवर वाळत घातलेल्या धोतराइतके सोपे आहे. पिळा करून ठेवलेले धोतर दिवसभर ओले राहते. तेच पसरून टाकले की घटकाभरात वाळते. एक लिटर दुधाचा एकच गोल थेंब झाला अशी कल्पना केली, तर त्याचा पृष्ठभाग पाचशे चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तेच दूध १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या व्यासाच्या थेंबांत विभागले, तर सुमारे १९० कोटी थेंब होतात आणि त्यांचा एकंदर पृष्ठभाग ६० चौरस मीटर भरतो. थेंब ५० मायक्रॉनचे केले तर तो १२० चौरस मीटर होतो. एवढ्या पृष्ठभागावरून पाणी उडून जाण्यास काही सेकंद पुरतात.

शुष्कन कोठीत शिरणारी हवा साधारणतः १८० ते २०० अंश सेंटिग्रेड तापमानाची असते. इतक्या उष्णतेत दूध करपत कसे नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. उन्हाळ्यात मातीच्या माठातील पाणी ज्या कारणाने थंड राहते, त्याच कारणाने थेंबही वाचतो. पाणी उडत असेतो थेंबाची उष्णता त्या कामी खर्च होत राहते, आणि थेंबाचे स्वतःचे तापमान ४५ ते ५० अंशांच्या आसपासच राहते. थेंब वाळेपर्यंत भोवतालची हवाही निवून ८० ते ९५ अंशांवर आलेली असते. ही सर्व व्यवस्था थेंब योग्य आकाराचा असला तरच जमते. वाळण्यास लागणारा वेळ थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्यास दुप्पट झाला तर वेळ चौपट लागतो. मोठा थेंब वाळण्यापूर्वीच कोठीच्या भिंतीवर आदळून चिकटतो, किंवा आतून ओला राहून तळाशी जातो. उलट, फार लहान थेंबाचे कण इतके हलके होतात की ते बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर निघून जाऊ लागतात. हवेतून भुकटी वेगळी करणाऱ्या सायक्लोनला १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नीट पकडता येत नाहीत. त्यांच्यासाठी कापडी पिशव्यांची गाळणी बसवावी लागते, आणि तीही अशा धुळीने लवकर तुंबते.

यावरून हे ध्यानात येईल की, नोझलची परीक्षा थेंबांच्या सरासरी आकारावरून करणे पुरेसे नाही. फवाऱ्यातील सर्वांत मोठे थेंब कोठीचे सामर्थ्य आजमावतात आणि सर्वांत लहान थेंब भुकटीची नासाडी ठरवितात. या दोहोंमधील अंतर जितके कमी, तितके नोझल चांगले. नासाडीचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. दररोज १ लाख किलो स्निग्धांशविरहित दुधाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात, दुधात ९ टक्के घनांश व भुकटीत ४ टक्के ओलावा धरला, तर सुमारे ९,४०० किलो भुकटी निघावयास हवी. त्यातील अवघा अर्धा टक्का धुराड्यावाटे गेला, तर रोजची तूट ४७ किलो होते आणि शंभर दिवसांच्या पुष्टकाळात ती ४,७०० किलोंवर जाते. ही तूट कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही, हे तिचे विशेष.

आधी दूध पाहावे, मग नोझल

नोझल निवडताना पुरवठादाराच्या सूचीपत्रापासून आरंभ करण्याची चूक अनेक ठिकाणी होते. आरंभ करावयाचा तो आटीव दुधापासून. दूध शुष्कन यंत्रात येण्यापूर्वी निर्वात आटवणी यंत्रात आटविले जाते, कारण तेथे पाणी काढणे पुष्कळच स्वस्त पडते. आटवणी यंत्राच्या टप्प्यांच्या संख्येनुसार एक किलो पाणी काढण्यास पाव ते अर्धा किलो वाफ पुरते. शुष्कन यंत्रात त्याच एक किलो पाण्यासाठी दोन किलो वाफेच्या आसपास उष्णता खर्ची पडते. स्निग्धांशविरहित १०० किलो दूध ४० टक्के घनांशापर्यंत आटविले, तर शुष्कन यंत्रास १३.१ किलो पाणी काढावे लागते. ४५ टक्क्यांपर्यंत आटविल्यास १०.६ किलो, आणि ५० टक्क्यांपर्यंत आटविल्यास केवळ ८.६ किलो. इंधनाचा विचार करता दूध होता होईल तितके आटवावे असे कोणीही म्हणेल.

येथेच नोझल आडवे येते. घनांश वाढला की दुधाचा दाटपणा त्या प्रमाणात न वाढता फार झपाट्याने वाढतो, आणि दाट द्रवाचे बारीक थेंब होत नाहीत. ४५ टक्क्यांवर सुरेख चालणारे नोझल ५० टक्क्यांवर दोऱ्यासारख्या धारा सोडू लागते. त्यातही म्हशीच्या दुधात केसीन व चुन्याचा अंश गाईच्या दुधापेक्षा अधिक असल्यामुळे ते आटविल्यावर अधिक दाट होते. परदेशी सूचीपत्रांतील आकडे गाईच्या दुधावरून काढलेले असतात ही गोष्ट आपल्याकडील तंत्रज्ञांनी विसरू नये.

म्हशीच्या दुधाची तुषार-शुष्कनाने भुकटी होऊच शकत नाही, असे एकेकाळी परदेशी तज्ज्ञ निक्षून सांगत असत. गुजरातेतील आणंद येथे खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचे तंत्रज्ञ हरिचंद दलाया यांना ते मान्य नव्हते. रंग फवारण्याची साधी बंदूक व हवा तापविण्याचे साधन एवढ्याच सामग्रीवर त्यांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखविली. पुढे ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी आणंदच्या नव्या दुग्धालयाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले आणि तेथे म्हशीच्या दुधाची भुकटी व्यापारी प्रमाणावर निघू लागली. रंगाची बंदूक म्हणजे वास्तविक हवेच्या दाबावर चालणारे एक नोझलच होय. ते दाट द्रवालाही जुमानत नाही, आणि म्हणूनच त्या प्रयोगास ते उपयोगी पडले.

दाटपणा कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे आटीव दूध फवाऱ्यापूर्वी ६५ ते ७५ अंशांपर्यंत तापविणे. तथापि गरम आटीव दूध टाकीत साठवून ठेवले तर ते कालांतराने आपोआप अधिकाधिक दाट होत जाते. सकाळी भुकटी उत्तम निघत होती आणि दुपारी एकाएकी ओली येऊ लागली, अशी तक्रार आली तर नोझलवर दोष ठेवण्यापूर्वी टाकीत दूध किती वेळ राहिले याची चौकशी करावी. टाकी लहान ठेवणे व दोन टाक्या आलटून पालटून रिकाम्या करून धुणे, हा त्यावरील उपाय आहे.

तीन साधने

तुषार करण्याची साधने मुख्यतः तीन आहेत. त्यांपैकी हवेच्या दाबाचे नोझल, ज्यात संकुचित हवेचा झोत द्रवाला फोडतो, त्याचा उल्लेख वर आलाच आहे. त्याचे थेंब बारीक असतात व ते दाट द्रवावरही चालते; परंतु संकुचित हवा ही कारखान्यातील सर्वांत महाग वस्तूंपैकी एक आहे. म्हणून प्रयोगशाळा, लहान यंत्रे आणि थोड्या प्रमाणावर तयार होणारे महागडे पदार्थ एवढ्यापुरतेच ते परवडते. दुधाच्या मोठ्या कारखान्यात त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

दुसरे साधन म्हणजे फिरते चक्र. हे नोझल नव्हे. परंतु निवडीच्या वेळी नोझलशी त्याचीच तुलना होत असल्यामुळे त्याविषयी लिहिणे भाग आहे. १९३३ साली डेन्मार्कमध्ये स्थापन झालेल्या नीरो कंपनीने या चक्राचा जगभर प्रसार केला. चक्राच्या कडेचा वेग सेकंदाला १०० ते २०० मीटर असतो व त्या वेगाने दूध आडवे भिरकावले जाऊन त्याचे तुषार होतात. दुधाचा प्रवाह कमीजास्त झाला तरी थेंबांचा आकार फारसा बदलत नाही, दाटपणाही पुष्कळ सोसतो, आणि लहान छिद्र नसल्यामुळे ते तुंबत नाही. ज्या कारखान्यात रोज येणाऱ्या दुधाचे मान निश्चित नसते, तेथे हे गुण मोठे आहेत. उलटपक्षी, चक्रामुळे थेंबांत हवा कोंडली जाते. भुकटी त्यामुळे हलकी होते, तेवढ्याच वजनाच्या मालास मोठी पिशवी लागते, आणि स्निग्धांशयुक्त भुकटीत कोंडलेली हवा खवटपणास निमंत्रण देते.

तिसरे व दुधासाठी आज सर्वत्र वापरात असलेले साधन म्हणजे दाबाचे नोझल. उच्च दाबाच्या पंपाने दूध १०० ते ३०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या दाबाने नोझलमध्ये शिरते, आतील भोवरा कोठीत गरगर फिरते, आणि टोकावरील लहान छिद्रातून पोकळ शंकूच्या आकाराने बाहेर पडते. कापसावर किंवा द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यास ही रचना नवी नाही. त्याच्या पंपाच्या पोकळ शंकूच्या नोझलमध्ये हीच युक्ती आहे, दाब मात्र कितीतरी कमी असतो. याची भुकटी भरीव व जड असते, कणांत हवा कमी असते, आणि झारीसारख्या एका दांड्यावर अनेक नोझले बसवून हवा तसा फवारा मांडता येतो.

चक्र दूध आडवे फेकते, म्हणून त्याची कोठी रुंद असावी लागते. नोझल खाली फवारते, म्हणून त्याची कोठी अरुंद परंतु उंच चालते. एका साधनासाठी बांधलेल्या कोठीत दुसरे बसवून काम भागविण्याचा मोह काही ठिकाणी होतो. जुन्या रुंद कोठीत नोझले बसविली तर थेंबांस खाली पडताना पुरेशी उंची मिळत नाही, आणि बचत म्हणून केलेला हा खटाटोप ओल्या भुकटीच्या रूपाने महागात पडतो.

दाबाच्या नोझलची निवड

दाबाच्या नोझलचा एक नियम पाठ असावा. नोझलमधून बाहेर पडणारा प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. २०० किलो दाबावर एक नोझल तासाला ४०० लिटर दूध सोडीत असेल, तर त्यातून ८०० लिटर काढण्यास दाब चौपट, म्हणजे ८०० किलो करावा लागेल. असा पंप दुग्धालयात नसतो. त्याच नोझलमधून २०० लिटरच सोडावयाचे म्हटले तर दाब ५० किलोंवर येतो आणि थेंब फार मोठे होतात. यास्तव कृशकाळात दूध कमी आले म्हणून पंप मंद करून तीच नोझले चालू ठेवणे चुकीचे आहे. काही नोझले बंद करावीत, किंवा लहान छिद्राचा संच बसवावा, आणि दाब ठरलेल्या मर्यादेतच राखावा. वर्षभराच्या दुधाचे मान पाहून दोन किंवा तीन वेगवेगळ्या क्षमतेचे संच आरंभीच घेऊन ठेवणे हेच शहाणपणाचे होय.

नोझलच्या पोटात दोन भाग महत्त्वाचे असतात: छिद्राची चकती आणि दुधाला भोवरा देणारा गाभा. दुधासाठी छिद्राचा व्यास साधारणतः एक ते तीन मिलिमीटर असतो. एकाच क्षमतेचे नोझल दोन प्रकारे जुळविता येते. छिद्र लहान व गाभ्याच्या वाटा मोठ्या ठेवल्या तर फवाऱ्याचा शंकू निमुळता होतो. छिद्र मोठे व वाटा लहान ठेवल्या तर तो पसरट होतो. पसरट शंकूत दुधाचा पडदा पातळ होऊन थेंब अधिक बारीक निघतात आणि गरम हवेशी त्यांची गाठ लवकर पडते. तथापि तो भिंतीपर्यंत पोहोचला तर भिंत लेपली जाते. कोठीचा व्यास, नोझलांची संख्या आणि हवेच्या झोताची दिशा पाहून शंकूचा कोन ठरवावा लागतो. उंच कोठ्यांत तो बहुधा ६० ते ८० अंशांच्या दरम्यान ठेवतात.

सूचीपत्रातील क्षमतेचे आकडे पाण्यावरचे असतात. आटीव दूध पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तितक्याच दाबाला ते कमी जावे असे वाटते, परंतु प्रत्यक्षात पुष्कळदा उलट अनुभव येतो. भोवऱ्याच्या मध्यभागी हवेची एक पोकळ नळी तयार झालेली असते. द्रव दाट असला की भोवरा मंदावतो, ती पोकळी आखडते, छिद्रातून अधिक दूध निघते, आणि शंकूही निमुळता होतो. म्हणजे पाण्यावर पसरट दिसणारा फवारा दुधावर अरुंद होतो. म्हणून केवळ सूचीपत्रावर विसंबून संच मागविण्यापेक्षा, आपल्याच कारखान्यातील आटीव दुधावर, दोन भिन्न घनांशांवर प्रत्यक्ष चाचणी घेऊन मग निर्णय करणे इष्ट.

कोणती भुकटी हवी यावरही निवड अवलंबून असते. आटीव दुधाचा १०० मायक्रॉनचा थेंब वाळून सुमारे ७५ मायक्रॉनचा कण होतो. मुंबईत दारा खुरोडी यांनी १९४६ साली टोन्ड दुधाची योजना सुरू केली. म्हशीच्या दुधात पाणी व स्निग्धांशविरहित भुकटी मिसळून होणाऱ्या अशा दुधासाठी भुकटी पूर्णपणे विरघळणारी असणे हीच मुख्य कसोटी आहे. तिच्यात तळाशी गाळ बसता कामा नये. घरगुती वापराच्या, चमच्याने ढवळताच मिसळणाऱ्या भुकटीला मात्र सुटे बारीक कण चालत नाहीत. ते पाण्यावर गुठळ्या करून तरंगतात. अशा भुकटीसाठी नोझले एकमेकांकडे किंचित कलती बसवितात, आणि सायक्लोनमध्ये जमलेली बारीक धूळ परत आणून ओल्या थेंबांच्या मध्येच सोडतात. त्यायोगे कण एकमेकांस चिकटून सच्छिद्र पुंजके होतात. नोझले त्यासाठी कोणत्या अंतरावर व कोनावर बसविली याची नोंद अंशात व मिलिमीटरमध्ये ठेवलेली असावी, कारण सफाईनंतर ती अंदाजाने पुन्हा बसविली तर भुकटीचा प्रकारच बदलतो.

आंबा, कोकम, टोमॅटो इत्यादी फळांच्या रसाची भुकटी करण्याचे प्रयत्नही या पद्धतीने होतात. त्यांतील साखर व आम्ल उष्णतेने मऊ पडून भिंतीस चिकटते. ती अडचण नोझल बदलून दूर होत नाही. त्यासाठी रसात माल्टोडेक्स्ट्रिनसारखा आधारभूत पदार्थ मिसळावा लागतो व हवेचे तापमानही उतरवावे लागते.

झीज

आता सर्वांत दुर्लक्षित बाबीकडे वळू. नोझल नवे असताना जे थेंब देते ते सहा महिन्यांनी देत नाही. दोनशे किलो दाबाने जाणारे दूध पोलादालाही कोरते. साध्या स्टेनलेस पोलादाचे छिद्र लवकर झिजते, म्हणून छिद्राची चकती व गाभा हे भाग टंगस्टन कार्बाइड या अत्यंत कठीण पदार्थाचे घ्यावेत. त्यांची किंमत अधिक असली तरी हा खर्च वाचविण्याजोगा नाही.

उच्च दाबाचा पंप प्रत्येक फेऱ्यास ठराविक दूध ढकलतो. त्यामुळे छिद्र मोठे झाले तरी प्रवाह तोच राहतो, दाब मात्र उतरतो. छिद्राचा व्यास अवघा ५ टक्क्यांनी वाढला, तर २०० किलोंचा दाब १६५ च्या आसपास येतो आणि थेंब मोठे होतात. पुढे काय घडते ते अनेक कारखान्यांत पाहावयास मिळते. यंत्रचालक दाब पूर्ववत करण्यासाठी पंपाची गती वाढवितो. दूध जास्त गेल्यामुळे बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान उतरते. ते सांभाळण्यासाठी आत येणाऱ्या हवेचे तापमान चढविले जाते. इंधन वाढते, भुकटीत करपट ठिपके दिसू लागतात आणि तरीही ओलावा उतरत नाही. यंत्रचालकास दोष देता येत नाही. त्याच्या समोरच्या घड्याळांवर त्याला झिजलेले छिद्र दिसत नसते.

पीकसंरक्षणाच्या पंपांसाठी एक सर्वमान्य नियम आहे. नव्या नोझलपेक्षा प्रवाह १० टक्क्यांनी वाढला की नोझल बदलावे. हा नियम येथेही लागू करण्यास हरकत नाही, आणि त्याची तपासणीही शेतकरी करतो तशीच, बादली व घड्याळ घेऊन होते. प्रत्येक नोझल सुटे करून ठराविक दाबाच्या पाण्यावर एक मिनिट चालवावे, पाणी मोजावे, आणि त्याच संचातील न वापरलेल्या नोझलशी ताडून पाहावे. एका दांड्यावर सात नोझले असली व त्यांतील एकच झिजले असले, तर एकंदर दाबावरून ते कधीही कळत नाही. ते एकटे सहांच्या चांगल्या भुकटीत ओले कण मिसळीत राहते. भिंगातून पाहताना छिद्राची कड धारदार व वर्तुळ निर्दोष दिसावे; कड गोलावली असेल किंवा छिद्र लांबट झाले असेल तर मोजमाप न करताही ते बाद समजावे.

छिद्र तुंबले असता ते तारेने किंवा सुईने टोचण्याची सवय मोडली पाहिजे. शेतात बाभळीच्या काट्याने नोझल मोकळे करणाऱ्यास कोणी हसू नये. काटा निदान तारेइतका घातक नाही. पोलादी तारेचा एक ओरखडा फवाऱ्यात एका बाजूस दाट धार उमटवितो. तुंबलेला भाग कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशाने साफ करावा. मूळ उपाय म्हणजे पंपापूर्वी गाळणी बसविणे, आणि तिची छिद्रे नोझलमधील सर्वांत अरुंद वाटेपेक्षा लहान असणे.

यंत्र धुताना कॉस्टिक सोडा व नायट्रिक आम्ल वापरतात. कोबाल्टने बांधलेले टंगस्टन कार्बाइड आम्लात हळूहळू खाल्ले जाते. म्हणून धुण्यापूर्वी नोझलची टोके काढून वेगळी साफ करावीत व त्या जागी धुण्याकरिता वेगळी टोके बसवावीत. यासाठी लागणारी पाऊण घटका कोणी वाया गेली असे मानू नये.

दाढी आणि आग

नोझलच्या तोंडाशी दूध ओघळून, वाळून जो लगदा लोंबू लागतो त्याला कारखान्यांत दाढी म्हणतात. नाव गमतीचे असले तरी प्रकार गंभीर आहे. गरम हवेच्या ऐन तोंडाशी असलेली ही दाढी तपकिरी होते, मग आतून धुमसू लागते, आणि तिचा जळता तुकडा तळच्या सुक्या भुकटीत पडला तर आग लागते. दुधाची बारीक भुकटी हवेत उडालेली असताना तिचा स्फोटही होतो. झिजलेले किंवा सैल बसलेले नोझल, फुटलेली वाटी आणि थांबताना गळणारी धार ही दाढीची नेहमीची कारणे आहेत. गळती थांबविणारा लहान झडपेचा भाग नोझलबरोबरच घ्यावा व त्याच्या रबरी वाट्या वेळच्या वेळी बदलाव्यात. सुरुवात करताना प्रथम पाणी फवारून हवेचे तापमान स्थिर करावे आणि मगच दूध सोडावे. थांबताना उलट क्रमाने पाण्यावर यावे. कोठीत धुमसण्याची पहिली सूचना कार्बन मोनॉक्साइड वायू मोजणाऱ्या यंत्रावरून मिळते. नव्या कारखान्यांत ते बसविलेले असते. जुन्या ठिकाणी ते बसविण्याचा आग्रह कामगारांच्या प्रतिनिधींनीही धरावा.

पंप चालू असताना नोझलला हात लावू नये. दोनशे किलो दाबाची धार सुईसारखी कातडीत शिरते, आणि वरून जखम टाचणीएवढीच दिसल्यामुळे ती क्षुल्लक समजली जाते. अशा इजेत आतील भाग सडून हात गमावण्याची पाळी येऊ शकते. म्हणून ताबडतोब शल्यचिकित्सकाकडे न्यावे व काय झाले ते स्पष्ट सांगावे.

खरेदीच्या वेळी

निविदेत केवळ ‘नोझल, नग अमुक’ असे लिहिले जाते आणि सर्वांत कमी दराची वस्तू घरी येते. त्याऐवजी आटीव दुधाचा घनांश व तापमान, म्हशीचे दूध की मिश्र, प्रत्येक नोझलमागे तासाला किती दूध, कोणत्या दाबावर, शंकूचा कोन, कोठीचा व्यास व उंची, छिद्राचा पदार्थ आणि हवी असलेली भुकटी, या गोष्टी लिहून द्याव्यात. पुरवठादाराने आपल्या दुधावर चाचणी करून दाखवावी अशी अट असावी, आणि चाचणीत भुकटीचा ओलावा, विद्राव्यता, करपट कण व सायक्लोनमधील धुळीचे प्रमाण ही चारही मापे घ्यावीत. प्रत्येक क्षमतेचे तीन संच असावेत: एक चालू, एक साफ करून तयार, एक कोरा. कोरा संच बादलीच्या परीक्षेसाठी माप म्हणून राखून ठेवावा व वापरात घेऊ नये. प्रत्येक टोकावर क्रमांक कोरून त्याचे चालू तास वहीत मांडावेत. एखाद्या दांड्यावरील एकच टोक झिजलेले आढळले तर त्या जागी अगदी नवे न बसविता, तितकेच तास चाललेले व परीक्षेत उतरलेले टोक बसवावे. तसे नसेल तर सर्वच टोके एकदम बदलावीत.